ब्लू चीजचे तिखटमिठाचे पदार्थ : तुमचे अनुभव सांगा

तलावपाळी
लेक सुट्टीवर आली होती, तिने ब्लू चीजचा १०० ग्रॅमचा त्रिकोणी तुकडा आणला. निम्मा बिस्किटांवर खाल्ला आणि गेली विमानाने. उरलेला माझ्या फ्रिजात दुधाच्या पिशव्यांशेजारी ठाण मांडून बसलाय. फळं-मध वगैरे नको, रोजच्या जेवणात कसा खपवता ते सांगा. फसलेले प्रयोगही चालतील. "सासूबाईंनी बुरशी आली म्हणून फेकलं" हा किस्सा प्रत्येक घरात आहे, तो गृहीत धरलाय.

घणसोलीची
फसलेल्यापासूनच सुरुवात करते. पास्त्याचा सॉस करायचा होता. फ्रेश क्रीमचं अख्खं पाकीट कढईत ओतलं, उकळी आल्यावर चीज टाकलं आणि बासुंदी आटवावी तशी आटवत बसले. पाचेक मिनिटांत कडेने तेल सुटलं आणि मधे पांढऱ्या कण्या. भरीला सवयीने मीठही घातलेलं. नवऱ्याने दोन घास खाल्ले आणि तांब्याभर पाणी प्यायला.
आता गॅस बंद करून कढई ओट्यावर उतरवते. त्यात पास्त्याचं पाणी पळीभर, मग कुस्करलेलं चीज, आणि नुसतं ढवळायचं. चौघांना ६० ग्रॅम पुरे होतं. सॉसमध्ये मीठ अजिबात नाही, मिरपूड सढळ हाताने. वरून अक्रोड, कोरड्या तव्यावर परतलेले. ते मी तुर्भ्याच्या मसाला मार्केटमधून एकदम किलोभर आणते.

पामबीच
क्रॉफर्ड मार्केटमधून घेतलं आणि पनवेल लोकल पकडली. मे महिना. कुर्ल्याच्या आतच शेजारची बाई स्वतःची पिशवी उघडून हुंगायला लागली. मी खिडकीबाहेर बघत राहिले. मानखुर्द सुटलं आणि जीव भांड्यात पडला, पुढे खाडीच्या वासात कोण कोणाला विचारतंय! तेव्हापासून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आणि बर्फाची पिशवी घेऊनच जाते.

चेंदणीकर
वासाची एवढी चर्चा बघून हसू येतंय. आमच्याकडे सोडे भाजायला घेतले की अख्ख्या मजल्याला कळतं.
माझं गणित साधं आहे. हे चीज सोड्यांच्याच जातीचं धरायचं : खारट, वासाला उग्र, थोडक्यात पुरणारं. मग सोडे आपण ज्यात घालतो त्यात एकेक करून घालून बघितलं. वांग्याच्या भरतात बिघडलं, धुराचा वास आणि चीज दोघंही वरचढ व्हायला बघतात. बटाट्याच्या काचऱ्यांत मस्त लागलं, काचऱ्या कुरकुरीत झाल्यावर झाकण ठेवायच्या आधी चमचाभर चुरा.
पण खरी बाजी मारली लाल भोपळ्याने. सालासकट जाड फोडी करायच्या, तेल आणि ठेचलेली लसूण चोळून ओव्हनमध्ये २०० अंशांवर अर्धा तास, कडा करपल्यासारख्या दिसेपर्यंत. बाहेर काढल्या काढल्या चीज चुरून पेरायचं. फोडींच्या वाफेने त्यातलं निम्मं पाघळतं, निम्मं तसंच राहतं. पांढरा भाग लोण्यासारखा लागतो, निळा जिभेला चावतो आणि खालून भोपळ्याचा गोडवा येतो. सोबत ज्वारीची भाकरी. आमच्या आईने न विचारता दुसऱ्यांदा घेतलं. तिला नाव नंतर सांगितलं.

जुईनगर
हे शाकाहारी असतं का हो?

खारघर सेक्टर बारा
पाकिटावरचा ठिपका बघा. रॉकफोर्ट आणि गोर्गोन्झोला या अस्सल प्रकारांत जनावराच्या जठरातलं रेनेट (चीजसाठी दूध गोठवणारं द्रव्य) असतं, त्यामुळे ते बाद. सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचं, हिरव्या ठिपक्याचं मिळतं, तेच घ्या. आमच्याकडे तेच येतं.
तुकडा कापलात की आत निळ्या रेषा दिसतील. चीजला सुयांनी भोकं पाडतात, आत हवा गेल्याशिवाय ही बुरशी वाढत नाही. ती त्या भोकांच्या वाटेने पसरते. तिचं शास्त्रीय नावही रॉकफोर्ट गावावरूनच पडलंय, पेनिसिलियम रॉकफोर्टी.
उत्तर इटलीत गोर्गोन्झोला पोलेंटावर घालतात. पोलेंटा म्हणजे मक्याच्या रव्याची उकडच की! मी घट्टसर शिजवून ताटलीत थापते आणि मधे खळगा करून त्यात चीज. पातळ वरणाची सवय असलेल्यांनी सोबत टोमॅटोचं सार ठेवावं.

घोडबंदर
थालीपिठाच्या पिठात मळू नका. तव्यावर वितळून बाहेर येतं, चिकटतं आणि तवा घासताना रडू येतं. लोण्याच्या गोळ्यासारखं वरून द्या.

नेरूळच्या आजी
सुनेला दिवस होते तेव्हा डॉक्टरांनी हे असलं मऊ, निळं चीज कच्चं खायला बंदी केली होती, लिस्टेरिया नावाच्या जंतूच्या भीतीने. चांगलं वाफाळेपर्यंत शिजवलेलं चालेल म्हणाले. घरात कोणी असेल तर लक्षात ठेवा.

घणसोलीची
बरं झालं सांगितलंत आजी. म्हणजे अशा वेळी माझी गॅस बंद करून घालायची युक्ती नको. सॉस फुटला तर फुटू दे.

पामबीच
साठवणीचं राहिलं. आधी बटर पेपर, त्यावर फॉइल, मग डबा. कणीक आणि दुधापासून लांब, नाहीतर सकाळच्या चहाला कळतं. (आम्हाला कळलं.) महिनाभर हात लागणार नसेल तर फ्रीजरमध्ये टाका. नंतर ते भुसभुशीत होतं, बिस्किटावर मजा नाही, पण आपल्याला चुराच करायचाय.

तलावपाळी
काल काचऱ्या केल्या. चमचाभर म्हणाला होतात, मी भीत भीत अर्धाच घातला. आज डब्यातून परत आलेल्या काचऱ्या शून्य. चाळीसेक ग्रॅम शिल्लक आहे, आता भोपळा करणार. जांभळी नाक्याला हल्ली पावकिलोची फोड कापून देतात का, की अख्खाच घ्यावा लागतो?

चेंदणीकर
देतात. साल काढू नको म्हणून आधीच सांगा, त्यांचा हात फार चालतो.