कलोनिस्ट, एमिग्रंट आणि उतारू

(एका चर्चेचा धागा; 'तळटीप', 'शुद्धमती' वगैरे सहभागींची टोपणनावं.)

तळटीप: एका लेखाचा अनुवाद करतेय. 'शार्लट जेन' हे शिडाचं जहाज सप्टेंबर १८५० मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथहून निघालं आणि १६ डिसेंबरला न्यूझीलंडात लिटलटनला लागलं. जमीन विकत घेऊन केबिनमधून जाणारे ते 'कलोनिस्ट'. ही वसाहत उभारणाऱ्या कँटरबरी असोसिएशनच्या सवलतीवर खाली स्टिअरेजमध्ये कोंबलेले शेतमजूर, सुतार, मोलकरणी ते 'एमिग्रंट'. मी दोघांनाही 'स्थलांतरित' केलं. संपादकबाईंनी लाल रेघ मारली. काय लिहू?

शुद्धमती: वसाहतकार आणि उत्प्रवासी. शब्द तयार असताना अडायचं कशाला?

बंदरकर: उत्प्रवासी! सुताराला हाक मारा बघू, "अहो उत्प्रवासी" म्हणून. सरळ 'उतारू' लिहा. आमची आजी वेंगुर्ल्याच्या आगबोटीला बसायची तेव्हा सगळे उतारूच असत. वरच्या डेकवरचे आणि खालच्या डेकवरचे, एवढाच फरक. खालच्यांना इंजिनाची धग आणि ओकाऱ्या. बंदरात बोट लांब उभी राहायची, मग पडावात, म्हणजे छोट्या होडीत, उड्या.

तळटीप: उतारू तर केबिनवालेही होतेच की.

शुद्धमती: शिवाय उतारू म्हणजे उतरणारा. भर समुद्रात कुठे उतरणार?

बंदरकर: 'नदीला उतार आहे' म्हणतो ना आपण? उतार म्हणजे पार जायची जागा. पार जाणारा तो उतारू. गुजरातीतही हाच शब्द आहे.

शुद्धमती: ही व्युत्पत्ती आजीची का?

दुष्काळी: आमच्याकडे म्हणतात, 'जगायला गेले'. अख्खी आळी जगायला जाते. त्या खालच्या लोकांना हेच लागू पडतं. परागंदा नको, त्यात पळून गेल्याचा वास येतो. आणि 'वसाहत' म्हटलं की मला औद्योगिक वसाहतच दिसते.

तळटीप: 'जगायला गेलेले' आवडलं. पण प्रवासीयादीच्या मथळ्यात कसं बसवू? त्या यादीतही एकटे पुरुष, कुटुंबं, एकट्या बायका असे वेगळे रकाने आहेत. झोपायच्या जागाही तशाच: पुरुष नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, बायका पार मागे, मध्ये कुटुंबं.

शुद्धमती: मॉरिशसने तर धक्क्यालाच 'आप्रवासी घाट' नाव दिलंय. १८३४ मध्ये 'अ‍ॅटलास' जहाजातून ३६ मजूर मॉरिशसला उतरले. मग 'आप्रवासी' चालतो आणि 'उत्प्रवासी' जड जातो, असं कसं?

दुष्काळी: ते नाव नंतर दिलेलं. आधी तो कुली घाट होता. आणि ते मजूर करारावरचे, गिरमिटिये. न्यूझीलंडवाल्यांशी त्यांची तुलना नको.

बंदरकर: गिरमिट 'अ‍ॅग्रीमेंट'वरून आलं हे मला कधीच पटलं नाही. सुताराकडे भोक पाडायचं गिरमिट असतं. करार तसाच माणसाला पोखरतो.

शुद्धमती: ते इंग्रजी 'गिम्लेट'वरून. दोन वेगळे शब्द, योगायोगाने सारखे झाले.

बंदरकर: मग हुबळीचं गिरमिट कुठलं? चुरमुरे, कांदा, चिंचेचं पाणी.

दुष्काळी: ते चुरमुऱ्यांना पोखरून केलेलं असणार.

तळटीप: मंडळी, शुक्रवारी मजकूर द्यायचाय.

बंदरकर: देतो हो. पण धारवाडकडचं कुणी आहे का इथे? त्यात शेव वरून घालतात की आधीच मिसळतात?