वॉरंटी संपून दोन महिने, गिअरबॉक्स गेला. कंपनीकडून भरपाई मिळते का?

घोडबंदरवासी
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल, माफी असावी. १३ लाखांची ऑटोमॅटिक घेतली, ड्युअल क्लचवाली (आत दोन क्लच, पण ते गाडीच दाबते), कारण कासारवडवली ते माजिवडा रोज रांगत जाऊन डाव्या पायाचं पार वाटोळं झालं होतं. पहिल्या वर्षापासूनच पहिल्या-दुसऱ्या गिअरला झटके, दर सर्व्हिसिंगला सांगायचो, ते म्हणायचे साहेब ह्या गिअरबॉक्सचं कॅरेक्टरच तसं आहे. आता गेल्या आठवड्यात गायमुखच्या चढावर गाडी उचलेचना, उलट मागे सरकली आणि मागे कंटेनर, बायको-मुलगी गाडीत, काय झालं असेल विचार करा. टो करून नेली तर एस्टिमेट १ लाख १४ हजार! वॉरंटी तीन वर्षांची, संपून जेमतेम दोन महिने. वर म्हणतात क्लच म्हणजे वेअर अँड टेअर, वॉरंटीत असतात तरी मिळालं नसतं. कोणी कंपनीशी भांडून पैसे काढलेत का?

बेलापूर_बाबू
भाऊ खरं सांगू का, राग मानू नका. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये ड्राय क्लच टिकत नाही. गाडी रांगते तेव्हा क्लच अर्धवट धरलेला असतो, घासतो, तापतो, आणि ड्राय म्हटल्यावर थंड करायला ऑइल नाही. कंपनी हेच म्हणणार की तुम्ही अशा रस्त्यावर चालवलीत. पैसे भरा, विषय संपवा.

घोडबंदरवासी
मग विकताना 'शहरासाठी बेस्ट' कशाला म्हणाले 😡 ठाण्यात दुसरा रस्ता कुठून आणू?

तुर्भे_गॅरेजवाला
दादा आधी एस्टिमेट नीट वाचा. त्यात नुसती क्लच प्लेट आहे की ॲक्च्युएटर (क्लच दाबणारा-सोडणारा पार्ट), कंट्रोल युनिट पण लावलंय? प्लेट झिजते हे मान्य, पण ॲक्च्युएटर काय ब्रेक पॅडसारखा झिजायचा पार्ट नाही, तो गेला तर वेअर अँड टेअर म्हणून सुटता येत नाही. गाडी स्कॅन केली असेल तर फॉल्ट कोडची (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेल्या बिघाडाची) प्रिंट मागा. आणि पैसे भरून काम केलंत तर जुना पार्ट त्यांच्याकडे सोडू नका, घरी आणा, बाल्कनीत ठेवा, बायको ओरडली तरी चालेल. पार्ट भंगारात गेला की पुढे तपासणार काय?

नेरुळची_ताई
मी हे सगळं केलंय (माझं स्टिअरिंगचं होतं), म्हणून सांगते. बेलापूर_बाबूंचं ऐकून लगेच हात टेकू नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जॉब कार्ड, सर्व्हिसिंगला गाडी देताना तक्रारी लिहितात तो कागद. वॉरंटी चालू असताना तुम्ही झटक्यांची तक्रार केली होती हे कागदावर आहे का? असेल तर दोष वॉरंटीतला आहे, त्यांनी दुरुस्त केला नाही एवढंच, मग दोन महिन्यांचा मुद्दा बराच ढिला पडतो. तोंडी सांगितलेलं हवेत गेलं समजा. ती जॉब कार्डं घेऊन आधी कंपनीच्या कस्टमर केअरकडे गुडविल (वॉरंटी नसली तरी सवलत) मागा, डीलरकडे नाही. वॉरंटी नुकतीच संपलेली असेल तर कधी कधी पार्टच्या खर्चाचा काही हिस्सा कंपनी उचलते. दुरुस्तीनंतर गाडी परत घेताना 'समाधानी आहे' वर सही करायला लावतात, तिथे 'अंडर प्रोटेस्ट' (म्हणजे मान्य नाही, तक्रार कायम) लिहूनच सही करा.

नाही ऐकलं तर १९१५ वर (राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन) तक्रार, मग वकिलाची नोटीस, मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जिथे राहता तिथेच केस टाकता येते, कंपनीचं ऑफिस कुठे का असेना. ५० लाखांपर्यंतची खरेदी जिल्हा आयोगाकडे, तुमच्या १३ लाखांच्या गाडीला फी ४०० रुपये, ऑनलाइन भरता येते, वकील सक्तीचा नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत टाका, आणि कंपनी व डीलर दोघांना केसमध्ये पार्टी (विरुद्ध पक्ष) करा नाहीतर एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

पण नवीन गाडी किंवा पूर्ण पैसे मागून बसू नका. सुप्रीम कोर्टाचा २००६ चा निकाल आहे, तो पण क्लचच्याच तक्रारीचा, सदोष पार्ट बदलून द्या म्हणाले, अख्खी गाडी नाही. आणि उत्पादनातला दोष आहे हे तज्ज्ञाच्या रिपोर्टशिवाय सिद्ध करणं फार अवघड जातं, आयोगाला लॅबकडे तपासणीला पाठवायला सांगता येतं, तसा अर्ज करा. निकालाला कायद्यात तीन महिने, तपासणी असेल तर पाच महिने असं लिहिलंय. माझ्या केसला दोन वर्षं लागली 🙂

बेलापूर_बाबू
ताई मानलं. बाय द वे गाडी कंपनीच्या नावावर तर नाही ना घेतलीत? टॅक्स वाचवायला घेतात बरेच जण, मग व्यावसायिक वापर म्हणून तुम्ही ग्राहकच नाही असा वाद काढतात.

घोडबंदरवासी
नाही हो, माझ्याच नावावर, लोन अजून चालूय.

आत्ता फाइल उपसली. तीन जॉब कार्डं सापडली. पहिल्यावर काहीच लिहिलेलं नाही. दुसरं २१ हजार किमीचं, त्यावर 'ग्राहक म्हणतो गिअर बदलताना झटका' आणि खाली ॲडव्हायझरच्या अक्षरात 'ट्रायल घेतली, गाडी ओके'. तिसऱ्यावर पण तेच. आणि एस्टिमेटमध्ये क्लच किट वेगळं, ॲक्च्युएटर वेगळा, ॲक्च्युएटरच ४० हजारांच्या वर आहे. उद्या सकाळी जाऊन फॉल्ट कोडची प्रिंट मागतो, काम सुरू करू नका म्हणून आत्ताच ईमेल टाकलाय.

तुर्भे_गॅरेजवाला
प्रिंट मिळाली की कोड इथे टाका, बघतो.