संगणकावरची पुस्तकं-सीड्यांची यादी मोबाईलवर कशी न्यावी?

नाशिकरोड: नमस्कार मंडळी. ४,००० नोंदी आहेत, मुखपृष्ठांच्या फोटोंसकट. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाईल) काढून फोनवर घेतली, तर मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. आयएसबीएनही (पुस्तकांचे १३ आकडी ओळख क्रमांक) 9.78819E+12 असे दिसतात. काय करू?

पंचवटी: ती फाईल आता दुरुस्त होणार नाही, मूळ प्रोग्राममधून पुन्हा काढा. एक्सेलमध्ये साध्या सीएसव्हीत सेव्ह केलं की देवनागरी जाते. 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच पर्याय घ्या. आणि फाईलवर डबल-क्लिक करून उघडू नका! 'डेटा' टॅबमधून आयात करा, आयएसबीएनचा रकाना आधी 'टेक्स्ट' करा. नाहीतर १३ आकडी क्रमांक एक्सेल संख्या समजतं, आणि तसंच सेव्ह केलं की शेवटचे आकडे कायमचे गेले.

सिडको: मुखपृष्ठांचंही बघा. यादीत 'सी:\फोटो\००१२.जेपीजी' असा पत्ता असेल तर फोनला तो सापडणार नाही. शोधा-बदला करून फक्त '००१२.जेपीजी' ठेवा. फोटो ६०० पिक्सेल रुंदीला आणा. एकेक साधारण १०० केबी धरला तरी सगळे मिळून ४०० एमबी होतात.

आधी २० नोंदींवर करून बघा. त्यात एखादं स्वल्पविराम असलेलं शीर्षक मुद्दाम घ्या, कारण अवतरणचिन्हं नसली की तिथूनच रकाने सरकतात.

नाशिकरोड: शीर्षकं ठीक आली, आभार! फोनवर भरलेल्या नव्या नोंदी संगणकात कशा घ्यायच्या?

पंचवटी: दोन्हीकडे भरूच नका. नोंद संगणकावर, फोन फक्त बघायला.