शब्दचर्चा: मैत्रिणीला 'अरे' कसं चालतं? (अरे, रे, गं, बुवा, बाई)

अक्षरवेल

कॉलेजातल्या मुली एकमेकींना 'अरे ऐक ना', 'अरे यार, कुठेयस तू' असं सर्रास म्हणतात. 'अगं'च्या जागी 'अरे' येतं, पण क्रियापद मात्र 'आलीस', 'जातेयस' असं स्त्रीलिंगीच राहतं. एकाच वाक्यात ही दोन लिंगं कशी नांदतात? हा हिंदीचा परिणाम, की मराठीतच त्याची मुळं आहेत? आणि बदल फक्त 'अरे'पुरता आहे, की वाक्याच्या शेवटी येणारा 'रे'सुद्धा मैत्रिणीला लावतात? मालिकांचे संवाद लिहिणाऱ्यांना हे रोज ठरवावं लागतं, म्हणून उदाहरणांसह उत्तरं मिळाली तर बरं.

अनुनासिक

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात केली तर बाकीचे आपोआप सुटतील. 'अरे' आणि 'रे' हे एकाच घरातले असले तरी आज त्यांची कामं वेगळी झाली आहेत.

'अरे'ची कामं तीन. पहिलं हाकेचं: 'अरे सुहास, इकडे ये.' दुसरं उद्गाराचं: 'अरे! पाऊस आला की', 'अरे देवा', 'अरे बापरे'. तिसरं बोलण्याला वळण देण्याचं: 'अरे हो, सांगायचं राहिलंच', 'अरे पण तिकिटं कुठायत?' यांतल्या फक्त पहिल्या कामात ऐकणाऱ्याचं लिंग येतं. उरलेल्या दोन्हींत ते कधीच नव्हतं. घरात एकटी असलेली आजी दूध उतू गेलं की 'अरे देवा' म्हणते. तिथे 'अरे'चं नातं देवाशी आहे, समोरच्या माणसाशी नाही. मैत्रिणींच्या बोलण्यात 'अरे' शिरला तो मुख्यतः या दुसऱ्या आणि तिसऱ्या दारातून. म्हणून 'अरे, तू कधी आलीस?' या वाक्यात दोन लिंगांचं भांडण नाहीच. 'अरे' इथे आश्चर्य सांगतो आणि 'आलीस' मुलीविषयी बोलतं.

हे कानानेही ओळखता येतं. लांबून मारलेल्या हाकेत शेवटचा स्वर ताणला जातो: 'अरेऽऽ', 'अगंऽऽ'. उद्गारात बहुधा मधलं व्यंजन दुप्पट होतं: 'अर्रे!', 'अग्गंबाई!' वळण देणारा 'अरे' आखूड असतो, त्यावर आघात नसतो आणि तो पुढच्या शब्दाला चिकटतो. 'अरेपण' हे एका दमात येतं, 'अरेहो' तसंच. लेखनात हे तिन्ही सारखेच दिसतात. त्यामुळे नुसत्या छापील मजकुरावरून निष्कर्ष काढला की गल्लत होते.

आता 'रे'. हा स्वतंत्र उभा राहत नाही, आधीच्या शब्दाला टेकून येतो: 'काय रे', 'ये रे', 'हो रे'. सोबत इतर अव्ययं असतील तर तो त्यांच्या मागे जातो: 'सांग ना रे', 'आहे की रे'. असा टेकून आलेला 'रे' जवळजवळ नेहमी ऐकणाऱ्याकडेच बोट दाखवतो. म्हणून 'अरे, काय करतेयस?' हे मुलीला सहज म्हटलं जातं, पण 'काय करतेयस रे?' म्हटलं की ऐकणाऱ्याचे कान टवकारतात. ते म्हटलंच जात नाही असं नाही. मात्र तिथे लाड, चेष्टा किंवा घट्ट सलगी असा काहीतरी खास रंग असतो.

पडताळण्याची सोपी युक्ती अशी की शब्दाला लागून नाव घालून पाहायचं. 'अरे, स्नेहाचा फोन आला' हे कुणालाही म्हणता येतं. 'अरे स्नेहा, फोन घे' ही थेट हाक आहे, आणि अजूनही पुष्कळांना इथे 'अगं स्नेहा'च बरोबर वाटतं. बदल कितपत मुरला आहे हे तपासायचं तर या दुसऱ्या जागी तपासावं.

बोलीवेडा

लाडाचा उल्लेख आला म्हणून एक भर. मुलीला पुल्लिंगी संबोधन ही आजची गोष्ट नाही. 'ये रे बाळा', 'काय रे राजा', 'सोन्या, जेवलास का रे' असं लहान मुलींना घरोघरी म्हणतात. तिथे 'बाळा', 'राजा' ही नावं पुढे येतात आणि 'रे' त्यांच्या लिंगाप्रमाणे चालतो. याची उलट बाजूही जुनी आहे. जनाबाईच्या अभंगात विठ्ठल 'विठाबाई' होतो, पंढरीची आई होतो आणि त्याला हाक जाते ती 'येगं' अशी. म्हणजे हे अव्यय माणसाच्या शरीराकडे पाहत नाही. बोलणाऱ्याने त्या क्षणी समोरच्याला कोणत्या नात्यात धरलं आहे, तिकडे ते पाहतं.

दुसरं म्हणजे 'रे-गं' हीच एक जोडी मराठीभर आहे असं समजू नये. कोकणात बाईमाणसाला 'गो' लागतो: 'काय गो', 'अगो ऐक'. वऱ्हाडात आणि झाडीपट्टीत पुरुषाला 'गा' म्हणतात: 'काय गा, कुठं चालला?' बाईला 'वं': 'काय वं माय'. हा 'गा' जुना आहे. ज्ञानेश्वरीत 'अगा' पानोपानी भेटतो. पुण्या-मुंबईच्या बोलीतून तो गेला, विदर्भात टिकला. नागपूरकडचा 'बे' मात्र वेगळ्या जातीचा. तो बरोबरीच्या मित्रांतला, आणि वडीलधाऱ्याला लावला तर सरळ अपमान.

कृष्णाकाठ

कोल्हापूरचं उदाहरण अजून कुणी कसं दिलं नाही? इथल्या बायका 'मी येतो', 'मी जेवलो' म्हणतात. म्हणजे लिंगभेद पुसण्याची चाल आमच्याकडे कॉलेजच्या कितीतरी आधीपासून आहे.

अनुनासिक

कृष्णाकाठ, उदाहरण मोलाचं आहे, पण ते वेगळ्या खणात ठेवायला हवं. 'रे-गं' ऐकणाऱ्याचं लिंग सांगतात. 'येतो-येते' बोलणाऱ्याचं सांगतात. एकातला बदल दुसऱ्याचा पुरावा होत नाही. कोल्हापूरची 'मी येतो' म्हणणारी बाई मैत्रिणीला 'अगं'च म्हणते.

कोल्हापुरी रूपाची दोन स्पष्टीकरणं दिली जातात. एक शेजारच्या कन्नडचं. कन्नडमध्ये 'मी जातो' आणि 'मी जाते' यांना एकच रूप आहे, कारण प्रथमपुरुषी क्रियापदात लिंग येतच नाही. दुसरं मराठीच्या आतलं, आणि त्याच्याकडे कमी लक्ष जातं. प्रमाण मराठीतही अनेकवचनात हा भेद नाही. 'आम्ही येतो', 'आम्ही जेवलो' हे बायका आणि पुरुष दोघेही म्हणतात, आणि ते रूप पुल्लिंगी एकवचनासारखंच दिसतं. म्हणजे 'येतो' बायकांच्या तोंडी आधीपासून होतंच, ते फक्त 'आम्ही'वरून 'मी'वर सरकलं. ही दोन्ही कारणं एकत्र काम करू शकतात. एक निवडून दुसरं खोडण्याची गरज नाही.

तिसरा प्रहर

बोलणाऱ्याचं लिंग सांगणारी आणखी एक जोडी आहे, 'बुवा' आणि 'बाई'. 'मला नाही बाई जमत' हे वाक्य नवऱ्याला, मुलाला, डॉक्टरला, कुणालाही म्हटलं जाईल. 'बाई' हे समोरच्याचं संबोधन नाहीच, ते बोलणारी बाई आहे एवढंच कळवतं. 'काही कळत नाही बुवा' हे तसंच पुरुषाकडून. तरीही या दोघांची आजची स्थिती सारखी नाही. 'बुवा' आता बायकाही बिनदिक्कत वापरतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पुरुषाने 'मला नाही बाई जमत' म्हटलं तर तो नक्कल करतोय असंच ऐकणारा धरतो.

'अरे'चंही हेच झालंय असं वाटतं. पुल्लिंगी रूप सगळ्यांचं होतं आणि स्त्रीलिंगी रूप फक्त बायकांपुरतं उरतं. मित्राला 'अगं' म्हणणं आजही डिवचणंच आहे. 'राव' आणि 'भावा'सुद्धा याच वाटेने चाललेत.

अनुनासिक

तिसरा प्रहर, जोडी अगदी नेमकी हेरलीत. पण 'राव' आणि 'भावा' यांना एक पायरी खाली ठेवावं लागेल. भाषेच्या अभ्यासक एलिनॉर ऑक्स यांनी १९९२ मध्ये लिंग आणि भाषा यांच्या नात्याचे दोन प्रकार सांगितले, थेट आणि आडून. 'गं' म्हणजे ऐकणारी स्त्री, हा थेट संबंध. 'काय राव' म्हणजे मोकळेपणा, बरोबरी, थोडी कुरकुर. असं बोलणं पुरुषांच्या अड्ड्यावर जास्त चालतं म्हणून 'राव' पुरुषी वाटतो, हा आडून आलेला संबंध. आडून आलेला संबंध लवकर सैल होतो, कारण मुलीला मोकळेपणा हवा असतो, पुरुष व्हायचं नसतं. थेट संबंध सुटायला फार वेळ लागतो. म्हणूनच मुलीला 'काय राव' हे 'काय रे'च्या कितीतरी आधी पचलं.

सीमोल्लंघन

हिंदीचा प्रश्न मागे पडला. हिंदीत 'अरी' आणि 'री' होते. ब्रज आणि बुंदेली गाण्यांत ते आजही ऐकू येतात, पण शहरी हिंदीत 'अरे' सगळ्यांनाच लागतो. मुंबईत दिवसभर दोन्ही भाषांत ये-जा करणाऱ्या मुलीच्या तोंडी हिंदीतला लिंगहीन 'अरे' मराठीतही येणं साहजिक आहे. पण हिंदीमुळे दार उघडलं असं नाही. ते अनुनासिक यांनी दाखवलेल्या दोन कामांमुळे आधीच उघडं होतं, हिंदीने रहदारी वाढवली.

ऐकणाऱ्याचं लिंग सांगणारी अव्ययं दक्षिणेतही आहेत. तमिळमध्ये पुरुषाला 'डा', बाईला 'डी'. तिथेही मैत्रिणी एकमेकींना प्रेमाने 'डा' म्हणतात, कारण 'डी' कधीकधी उर्मट वाटतो. सर्वांत बोलकं उदाहरण स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क भाषेचं. सलगीच्या बोलण्यात तिथे ऐकणाऱ्याचं लिंग थेट क्रियापदात येतं, वाक्य तिसऱ्याच माणसाविषयी असलं तरी. 'तो आला' हे पुरुषाला सांगताना 'एतोर्री दुक', बाईला सांगताना 'एतोर्री दुन'. या दोन रूपांपैकी बाईला उद्देशून असलेलं रूप जास्त वेगाने मागे पडत गेलं. 'अगं'च्या बाबतीत आपल्याकडे जे दिसतंय त्याच्याशी हे जुळतं.

पडताळा

हे सगळं मोजून पाहायचं असेल तर पद्धत आधी ठरवा, नाहीतर गोळा केलेलं वाया जातं.

प्रश्नावली देऊ नका. 'तुम्ही मैत्रिणीला अरे म्हणता का?' याचं उत्तर माणूस स्वतःला कसा समजतो ते सांगतं, काय बोलतो ते नाही. भाषाशास्त्रज्ञ पीटर ट्रडगिल यांनी इंग्लंडमधल्या नॉरिच शहरात लोक स्वतः काय उच्चारतो म्हणून सांगतात ते ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहिलं. १९७२ च्या त्यांच्या लेखात दिसतं की बायका आपण प्रमाण उच्चार जास्त करतो असं सांगत होत्या, प्रत्यक्षात कमी करत होत्या. पुरुषांचं उलट. मराठीत तर 'अगं'ला शुद्धतेचा मान आहे, म्हणून फसगत ठरलेलीच.

समोर रेकॉर्डर ठेवला तरी अडचण येते. विल्यम लबोव यांनी हा पेच मांडला: लोक कुणी पाहत नसताना कसे बोलतात ते हवं असतं, आणि ते मिळवायचं तर पाहावं लागतं. त्यातून स्कॉट कीजलिंग यांनी काढलेली वाट आपल्याला सोयीची आहे. अमेरिकेतल्या 'ड्यूड' या संबोधनावर त्यांचा लेख २००४ मध्ये आला. पिट्सबर्गमधल्या विद्यार्थ्यांना त्यांनी तीन दिवसांत कानावर पडलेले पहिले २० 'ड्यूड' टिपायला सांगितलं: कोण बोललं, कुणाला, कुठे. पुरुषाने पुरुषाला हा वापर सर्वांत जास्त निघाला. पण त्याखालोखाल बाईने बाईला होता, मिश्र जोड्या मागे होत्या. म्हणजे शब्द नुसता पुरुषी नव्हता, तो बरोबरीच्यांतला होता. मैत्रिणींचा 'अरे' याच अंगाने तपासायला हवा.

आपल्या नोंदीत प्रत्येक वापरामागे एवढं हवं: पूर्ण वाक्य, बोलणाऱ्याचं लिंग आणि अंदाजे वय, ऐकणारे किती आणि कोण, शब्द वाक्याच्या सुरुवातीला की शेवटी, लगेच नाव आलं का, क्रियापदाचं लिंग, आणि उच्चार ताणलेला, दुप्पट की आखूड. ऐकणारे मिश्र असतील तो वापर वेगळा काढा. चार मुली आणि एक मुलगा असताना 'अरे' हे आधीपासूनच ठरलेलं रूप आहे, तो बदलाचा पुरावा नव्हे. 'अरे बापरे'सारखे जमून गेलेले उद्गारही बाजूला ठेवा. आणि तुलनेसाठी 'ए' अवश्य मोजा. 'ए ऐक ना'मध्ये लिंग नाही. 'अगं' कमी झालेला दिसला तरी त्याची जागा 'अरे'ने घेतली की 'ए'ने, हे त्याशिवाय कळणार नाही.

अक्षरवेल

सगळ्यांचे आभार. संवादलेखनापुरतं असं धरते: विशीतल्या शहरी मुलींच्या तोंडी 'अरे पण', 'अरे हो', 'अरे यार' मोकळेपणाने, नावासकट हाक असेल तिथे 'अगं' किंवा 'ए', आणि शेवटचा 'रे' खास प्रसंगीच. एक लेखनाचा प्रश्न उरला. 'अग' लिहावं की 'अगं'? पुस्तकांत दोन्ही दिसतात.

अनुनासिक

'अगं' लिहा. मूळ रूप 'अगे'. बोलण्यात शेवटचा 'ए' जाऊन लांबलेला 'अ' उरला, आणि तो दाखवायला मराठीत अनुस्वार देतात, जसं 'केले'चं 'केलं', 'म्हटले'चं 'म्हटलं'. इथे अनुस्वार नाकातल्या उच्चाराची खूण नाही. तो वगळला तर शब्दाच्या शेवटचा 'अ' मराठीच्या सवयीप्रमाणे गळतो आणि वाचणारा नट 'अग्' म्हणून मोकळा होतो. टेकून आलेले 'गं' आणि 'रे' सुटे लिहा: 'काय गं', 'सांग ना रे'. 'बापरे' मात्र उद्गार म्हणून एकच शब्द झालाय, तो जोडून. हाक लांबवायची असेल तर अवग्रह द्या, 'अगंऽऽ'. संहितेत ती खूण असली की नटीला हाक आणि उद्गार यांतला फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही.