मंदिरातील कावी चित्रे वाचवण्यासाठी मदत हवी आहे

सिंधुदुर्गातील आमच्या ग्रामदेवतेच्या मंदिरात सभामंडपाच्या भिंतींवर जुनी कावी चित्रे आहेत. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर लाल काव चढवून, तो थर ओलसर असतानाच अणकुचीदार हत्याराने खरवडून आतला पांढरा रंग उघडा करण्याची, गोव्यात मोरजीच्या मोरजाई मंदिरात दिसते तीच ही पद्धत. पावसाळ्यातील ओलीने नरसिंहाचे अर्धे चित्र सुटले असून, जीर्णोद्धारात या भिंतींना ऑइलपेंट देण्याचा विचार चालू आहे. त्याने चित्रे तर झाकली जातीलच, शिवाय ओलही भिंतीतच कोंडेल, याची मला फार काळजी वाटते. चुन्याचे काम जाणणारे कारागीर कोणाच्या परिचयाचे आहेत का? तोवर सुटलेला गिलावा कसा सावरावा, हेही अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे. मानकऱ्यांची बैठक दिवाळीनंतर आहे.