मदत हवी आहे: कॉर्पोरेशनच्या जागेतलं वाचनालय, संपलेला भाडेपट्टा आणि हरराजीची (लिलावाची) दरखास्त (बडोदं)

बडोद्याची_वाचक:

नमस्कार मंडळी,

बडोद्याच्या जुन्या शहरात, दांडिया बाजाराच्या आसपास, कॉर्पोरेशनच्या मालकीच्या एका इमारतीत तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत आमचं मराठी वाचनालय चालतं. सध्या कार्यवाह म्हणून मी काम बघते. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही. विषय अजून निर्णयाला आलेला नाही आणि कोणावर राग काढायला हा धागा उघडलेला नाही. महापालिकेचं कामकाज, ऑडिट, भाडेपट्ट्याचे कायदे ज्यांच्या हाताखालून गेले आहेत त्यांच्याकडून नेमकी माहिती हवी आहे.

हकीकत अशी. जागा संस्थेला ठरावाने नाममात्र भाड्यावर मिळाली. मुदत संपली की नूतनीकरणाचा अर्ज, मग पुन्हा ठराव, असं वर्षानुवर्षं चालत आलं. शेवटची मुदतही आता उलटून गेली आहे. अर्ज केलेला आहे, भाडं भरणं चालू आहे, पावत्याही मिळतात. मध्यंतरी स्थायी समितीच्या अजेंड्यावर दरखास्त (प्रस्ताव) आली: ही इमारत, रस्त्याकडची दुकानं आणि आमच्या दोन खोल्या धरून, जाहीर हरराजीने भाड्याने द्यावी आणि अपसेट भाडं (बोलीची किमान रक्कम) जंत्रीवरून काढावं. त्या बैठकीत विषय मुलतवी राहिला. मुलतवी विषय पुढच्या कुठल्याही बैठकीत येऊ शकतो.

गुजरातबाहेरच्यांसाठी: जंत्री म्हणजे तुमचा रेडी रेकनर, सरकारने ठरवलेले मिळकतींचे दर. २०११ नंतर ती थेट १५ एप्रिल २०२३ पासून वाढली आणि मोकळ्या जमिनीचे व दुकानांचे दर दुप्पट झाले. आमच्या खोल्या दुकानांच्या रांगेत आहेत. दुकानाच्या दराने भाडं लावलं तर आमची वर्षाची सगळी वर्गणी पहिल्या दोन महिन्यांतच संपेल.

कॉर्पोरेशनची बाजू मला कळते आणि ती चुकीची वाटत नाही. २०२२ मध्ये बडोद्याने शंभर कोटींचे म्युनिसिपल बॉन्ड (कर्जरोखे) काढले. बाजारातून पैसा उचलायचा तर स्वतःच्या मिळकतींचं उत्पन्न दाखवावं लागतं. घरवेरा (घरपट्टी) वाढवला की लोक ओरडतात, मग जमीन-मिल्कत शाखेकडे बोट जातं. शहरात मोक्याच्या किती जागा जुन्या दराने दिलेल्या असतील, त्या सगळ्या काही वाचनालयं नसणार.

पण आमच्याकडे दुपारी कोण बसतं तेही सांगते. वाडी-नवापुऱ्यातली, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली. त्यातली बरीचशी गुजराती माध्यमाची, मराठी पुस्तकाला हातही न लावणारी. घरी एकाच खोलीत टीव्ही, स्वयंपाक आणि आजारी आजी, म्हणून ती इथे येतात. एक मुलगी दाराजवळची खुर्ची धरते, कारण पंख्याचा वारा तिथेच पोचतो, आणि सातला दिवे बंद करेपर्यंत हलत नाही. कपाटांत संस्थानकाळात छापलेली पुस्तकं आहेत, पानं इतकी पिवळी की उलटताना कोपरा हातात येतो. ही सगळी कुठे हलवायची?

मला विचारायचंय ते असं. जागा मुळात कोणत्या अटीवर दिली तो ठराव आमच्या दप्तरात सापडत नाही. तो कसा मिळवायचा? मुदत संपल्यावरही भाडं घेतलं जातंय, याचा आम्हाला काही आधार होतो का? आणि सवलतीचं भाडं मागायला कायद्यात जागा तरी आहे का, की आम्ही नुसती विनवणी करतोय?

निवृत्त_हिशेबनीस:

ताई, मी महाराष्ट्रातल्या एका महापालिकेत लेखा विभागात होतो. तुमचा गुजरातचा कायदा आणि आमचा, दोन्ही मूळचे १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमाचे, त्यामुळे कलमांचे आकडेही बहुतेक जुळतात.

मिळकत भाड्याने द्यायचं कलम ७९. बारा महिन्यांपर्यंतचा भाडेपट्टा कमिशनर आपल्या अधिकारात देऊ शकतात. त्यापुढे स्थायी समितीची किंवा सभेची (सगळ्या नगरसेवकांच्या सर्वसाधारण सभेची) मंजुरी लागते. आणि त्याच कलमात म्हटलंय की मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी असता कामा नये. ऑडिटर बरोब्बर यावरच बोट ठेवतो. नाममात्र भाड्याचा ठराव दिसला की तो 'महसुली नुकसान' असा शेरा मारतो, आणि तो शेरा अधिकाऱ्याच्या निवृत्तीनंतरही त्याची पाठ सोडत नाही. तुमच्या फाइलवर सही करायला कोणी पुढे येत नसेल तर कारण बहुधा हेच. द्वेष वगैरे काही नाही.

म्हणून माझा सल्ला: भाड्यात सवलत मागू नका. अंदाजपत्रकात अनुदान मागा.

महापालिकेने काय करावंच लागतं ते कलम ६३ मध्ये आहे आणि ऐच्छिक कामं कलम ६६ मध्ये. ग्रंथालयं चालवणं किंवा त्यांना मदत देणं ऐच्छिक कामांत बसतं. तेव्हा भाडं बाजारभावाने आकारलं जाऊ दे, पण तेवढीच किंवा त्यातला ठरावीक हिस्सा एवढी रक्कम 'वाचनालयांना मदत' या शीर्षाखाली खर्चात दाखवून घ्या. जमेला भाडं पूर्ण, खर्चाला अनुदान पूर्ण, ऑडिटर समाधानी. आणि शहरालाही कळेल की या दोन खोल्यांसाठी ते वर्षाला किती मोजतंय. नाममात्र भाड्यात हा खर्च लपून राहतो. लपलेला खर्च कोणी वाचवत नाही, कारण तो आहे हेच कोणाला माहीत नसतं.

वेळ फार महत्त्वाची. कमिशनर मसुदा स्थायी समितीला देतात, समिती फेरफार करते, मग सभा मंजूर करते. हे सगळं एप्रिलच्या आधी उरकतं. फेब्रुवारीत सभेच्या दारात उभं राहून काही होत नाही. दिवाळी झाली की लेखी मागणी जायला हवी, आणि स्थायी समितीतला निदान एक सभासद फेरफारात ती मांडेल असा हवा.

वाड्यातला_वाचक:

सह्यांची मोहीम काढा! आख्खं बडोदं उभं राहील. सयाजीराव महाराजांच्या गावात वाचनालय हटवायचं म्हणजे काय?

बडोद्याची_वाचक:

दादा, सह्या घेऊच, पण विषय टेबलावर येईल तेव्हा हातात कागद हवेत. हिशेबनीस काका, अनुदानाचा मुद्दा आमच्या कार्यकारिणीत कोणाच्या डोक्यातच आला नव्हता. फार फार आभार.

कोर्टातला_माणूस:

पावत्यांबद्दल. मुदत संपल्यावर मालकाने भाडं स्वीकारलं आणि भाडेकरू जागेत राहिला तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ११६ प्रमाणे पट्टा पुढे चालू असल्याचं म्हणता येतं, महिन्यामहिन्याने किंवा वर्षावर्षाने. पण यावर फार विसंबू नका. पावतीवर 'भाडं' लिहिलंय की 'जागा वापरल्याबद्दलची रक्कम', ते आधी बघा. दुसरा प्रकार असेल तर मालक म्हणेल की आम्ही पट्टा वाढवलेलाच नाही. शिवाय सार्वजनिक मालकीच्या जागांसाठी गुजरातमध्ये १९७२ चा अनधिकृत कब्जेदारांना काढण्याचा वेगळा कायदा आहे. त्यात नोटीस येते, म्हणणं मांडायची मुदत मिळते. नोटीस आली तर ती मुदत चुकवू नका, बाकी सगळं नंतर. आधीचे पट्टे एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचे असतील तर त्यांची नोंदणी झाली होती का तेही तपासा.

आणखी एक. कोणी ओळखीचा म्हणेल, 'मी सभेत ठराव करून देतो, हरराजी नको.' मोहात पडू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये भोपाळच्या एका जमिनीच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की सार्वजनिक मालमत्ता जाहिरात न देता, इतरांना संधी न देता, एका संस्थेच्या पदरात टाकता येत नाही. संस्था कितीही चांगली असो. तुमच्याच शहरातलं तांदळज्याच्या प्लॉटचं उदाहरण घ्या. हरराजीशिवाय ९९ वर्षांच्या पट्ट्याने जमीन द्यायला कॉर्पोरेशनने होकार दिला होता, राज्य सरकारने २०१४ मध्ये तो नाकारला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं.

त्यापेक्षा दरखास्तीत दुरुस्ती मागा: इमारतीतली दुकानं वेगळी काढा, आणि या दोन खोल्या 'सार्वजनिक वाचनालयासाठी' राखून फक्त वाचनालय चालवणाऱ्या नोंदणीकृत संस्थांकडून अर्ज मागवा. दुसरी संस्था आली तर येऊ दे. मग जे मिळेल ते टिकेल.

इंदूरकर:

आमच्याकडे कायदा वेगळा, मध्यप्रदेशचा १९५६ चा, आणि विषय आधी महापौर परिषदेत जातो. पण फाइल मिळवण्याची रीत सगळीकडे एकच, माहितीचा अधिकार. नुसत्या प्रती मागू नका, फाइल प्रत्यक्ष बघायची परवानगी मागा. प्रतींत पानं गाळली जातात, टिपणीच्या बाजूचा भाग तर हमखास.

बडोद्याची_वाचक:

सगळ्यांचे मनापासून आभार. काय ठरलंय ते लिहिते, पुढे कोणाला उपयोग होईल.

माहितीचा अर्ज गुजरातीत लिहिलाय. इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा एवढंच चालतं, मराठी अर्ज परत येऊ शकतो. गुजरातमध्ये फी २० रुपये. मूळ ठराव, नंतरचे नूतनीकरणाचे ठराव आणि भाडं ठरवतानाची टिपणी, एवढंच मागितलंय, सोबत फाइल बघायची परवानगी. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. पावत्या बघितल्या: जुन्यांवर 'भाडं' आहे, अलीकडच्यांवर शिक्का पुसट आहे आणि भिंगाखालीही वाचता येत नाही. कॉर्पोरेशनकडे राहिलेली पावतीची स्थळप्रत बघायची म्हणून तोही मुद्दा अर्जात घातला.

अनुदानाच्या निवेदनात मी बडोद्याचाच दाखला घालणार आहे. १९१० मध्ये सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतून बोर्डन या ग्रंथपालांना बोलावून ग्रंथालयांचं काम सुरू केलं. त्यात गावांसाठीची पद्धत अशी होती: लोकांनी वर्गणीतून जेवढं जमवायचं तेवढंच प्रांत पंचायतीने आणि तेवढंच सरकारने घालायचं. आम्हीही तसंच म्हणणार. वर्षाला आम्ही किती जमवतो त्याचा हिशेब तपासून घ्या, आणि तेवढं कॉर्पोरेशनने घाला. फुकट काही नको. त्याबदल्यात अभ्यासाची खोली शहरातल्या कोणालाही, सभासद असो नसो, वर्गणीशिवाय उघडी ठेवू आणि तशी अट पट्ट्यातच लिहून देऊ.

अभ्यासाला येणाऱ्या मुलांच्या घरचे सह्या करायला तयार आहेत. त्यातले बरेच गुजराती आहेत, त्यामुळे निवेदन दोन्ही भाषांत काढतोय. वॉर्डातल्या चारही नगरसेवकांना भेटायचं आहे, सत्तेतला की विरोधातला हे न बघता.

एक अडलंय. ग्रंथालयांना किंवा सांस्कृतिक संस्थांना अनुदान असं वेगळं शीर्ष असलेलं कुठल्याही महापालिकेचं अंदाजपत्रक कोणाकडे आहे का? बडोदं, सुरत, अहमदाबाद, पुणे, ठाणे, कुठलंही चालेल. ते पान आणि त्या वर्षाच्या मंजुरीच्या ठरावाचा क्रमांक मिळाला तर निवेदनाला जोडता येईल. कमिशनरांच्या मसुद्याआधी द्यायचं आहे, तेव्हा जितकं लवकर मिळेल तितकं बरं.