उत्तर: नँकोवीपच्या वाटेवर पाणी किती न्यावे

‘सगळा उतारच आहे, तेव्हा तीन लिटर पाणी पुरेल’ हे इथे एकाने मांडलेले मत मला धोक्याचे वाटते. अमेरिकेतील ग्रँड कॅन्यन या राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तर बाजूची नँकोवीप वाट उद्यानातील नाव असलेल्या वाटांमध्ये सर्वांत अवघड मानली जाते आणि सॅडल माउंटनकडून कोलोरॅडो नदीपर्यंत सुमारे 22 किलोमीटरमध्ये ती 1,800 मीटरहून अधिक उतरते. नँकोवीपचा ओढा गाठेपर्यंत वाटेत भरवशाचे पाणी नाही. त्यामुळे जाणकार लोक उतरतानाच परतीच्या चढासाठी पाण्याचे कॅन वाटेत लपवून ठेवतात, आणि ते ओझे खांद्यावर असतानाच सुपाई नावाच्या लालसर खडकाच्या थरातील ती अरुंद, एका बाजूला सरळ तुटलेला कडा असलेली आडवी वाट पार करावी लागते. वाटेवरील टिल्टेड मेसा या ठिकाणाच्या पुढे घसाऱ्याचा उतार आहे, तिथे गुडघे बोलू लागतात (माझे तरी बोलतील!).

भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स वॉलकॉट यांना खाली काम करता यावे म्हणून अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाचे तेव्हाचे प्रमुख जॉन वेस्ली पॉवेल यांच्या देखरेखीखाली ही वाट 1882 मध्ये बांधली गेली. नदीकाठच्या कड्यातील प्राचीन प्युएब्लो या तिथल्या मूळनिवासी लोकांची धान्यकोठारे मात्र त्याहून कित्येक शतके जुनी आहेत. खाली मुक्काम करायचा असल्यास परवाना आधीच काढावा लागतो.